मारिनाचा जुना टो हुक काढला: नेरुळच्या पार्किंगमधल्या नोंदी

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

गाडी टाटा इंडिगो मारिना, डिझेल, २००६ ची. नंबर एमएच-०४. बाबांनी २०११ मध्ये कळव्याच्या एका मंडपवाल्याकडून घेतली. तो मागे जनरेटरची ट्रॉली जोडून लग्नाचे हॉल फिरायचा, त्यासाठी लोकल फॅब्रिकेटरकडून टो हुक बनवून घेतला होता. गाडी आमच्याकडे आल्यापासून त्या हुकाला काहीही जोडलेलं नाही. येता-जाता नडगीला लागतो, एवढाच त्याचा उपयोग.

आता काढायचं ठरलं कारण जानेवारीत नोंदणीचं नूतनीकरण आहे. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून गाडी दाखवावी लागते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत आपल्या मनाने फेरफार करता येत नाही, आणि आरसीवर या हुकाचा कुठेही उल्लेख नाही.

पण आरटीओ नसतं तरी तो काढलाच असता. रात्री ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटर मिणमिणतो. इंडिकेटर दिला की उजवी टेललाइट त्याच्या तालावर कमी-जास्त होते. हे अर्थिंग गेल्याचं लक्षण आहे. करंटला परतीची वाट सापडली नाही की तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. मागच्या गाडीवाल्याला नेमकं काय दिसत असेल, याची मला काळजी वाटते.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. मारिनाला वेगळी चेसिस नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते. मागचे दोन दांडे म्हणजे पत्रा वाकवून केलेले पोकळ डबे. मागून जोरात ठोकर बसली तर त्यांनी टप्प्याटप्प्याने चेपत जायचं आणि धक्का गिळायचा. त्यांच्या शेवटी आडवं लोखंडी चॅनल बांधलं आणि त्याचा गोळा बंपरच्या बाहेर काढला, की साधा धक्काही बंपरला न लागता सरळ दांड्यात शिरतो. लोक टो हुक 'मागच्या गाडीने ठोकू नये म्हणून' लावतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. बंपर वाचतो, दांडा वाकतो. बंपर बदलता येतो.

टॉर्च घेऊन खाली पाहिलं. ७५ बाय ४० मिमीचं सी-चॅनल (इंग्रजी 'सी'च्या आकाराचं लोखंड), दोन्ही टोकांना ६ मिमी पट्टीचे कान, कानांतून एम १२ चे, म्हणजे १२ मिमीचे बोल्ट दांड्यातून आरपार. उजव्या कानाचे दोन बोल्ट वर वेल्डिंगने टाचलेलेही आहेत. मधोमध मान, मानेवर ५० मिमीचा गोळा. सगळ्यावर डांबरी कोटिंगचा जाड थर. तो स्क्रूड्रायव्हरने टोचला तर खपली निघाली आणि आत गंजाचे पापुद्रे. गंज मूळ लोखंडापेक्षा खूप जास्त जागा खातो. इथे त्याने फुगून अख्खा कान दांड्यापासून ढकललाय, फटीत नख सहज जातं.

९ नोव्हेंबर, रविवार

बंपर उतरवला. जुन्या क्लिपा तुटणार हे धरूनच चाललो होतो, नव्या आणून ठेवल्या होत्या.

बंपर निघाल्यावर आधी एकच गोष्ट पाहिली: आतला कारखान्याचा पत्रा शाबूत आहे का. बाहेरच्या देशांतल्या बऱ्याच स्टेशन वॅगन गाड्यांमध्ये टोबार (टो हुकाचं आडवं लोखंड) बसवताना बंपरमागचं मूळ लोखंडी बीम काढून त्याच्या जागी टोबार येतो. अशा गाडीचा हुक नुसता काढला तर बंपरच्या मागे काहीच उरत नाही, मूळ बीम शोधून परत लावावं लागतं. आमच्याकडे मागचा पॅनेल जागेवर आहे, चॅनल त्याच्या खालून गेलंय. जीव भांड्यात पडला. बंपरच्या खालच्या कडेला मात्र मानेसाठी हेक्सॉने खाच कापली आहे आणि खाचेच्या कोपऱ्यातून चीर वर चढली आहे.

बाबा स्टूल टाकून शेजारी बसले होते. त्यांची नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात फिटर म्हणून झाली. पाठीमुळे आता वाकवत नाही, पण नजर तीच आहे. दुरून म्हणाले, "अगं, तो डावा कान बघ. बोल्टापाशी पत्रा आत गेलाय." मला वाकूनही आधी दिसलं नव्हतं. बोटाने चाचपलं. खरंच, बोल्टाच्या भोवती दांडा बशीसारखा खोलगट झालाय.

कारण सरळ आहे. पोकळ डब्यातून आरपार बोल्ट घालायचा तर आत पाइपचा तुकडा घालायचा असतो, म्हणजे आवळल्याचा दाब त्या पाइपवर येतो. इथे पाइप घातलेलाच नाही. बोल्ट आवळत गेले तशा डब्याच्या दोन्ही भिंती आत ओढल्या गेल्या. वर ट्रॉलीचे हिसके. म्हणजे हुक निघाला तरी काम संपणार नाही. दांडे पूर्ववत करणं हेच खरं काम, आणि त्यासाठी महिना गेला तरी चालेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार, रात्री

वायरिंग. हे माझ्या रोजच्या कामातलं. लोखंडाला हात लावायच्या आधी हे उरकायलाच हवं होतं, कारण अर्थिंग हुकावरच घेतलंय असा संशय होता.

ट्रॉलीचा सात पिनांचा सॉकेट. रंग आयएसओ १७२४ प्रमाणे बरोबर आहेत: पिवळी डावा इंडिकेटर, निळी मागचा फॉग, पांढरी अर्थ, हिरवी उजवा इंडिकेटर, तपकिरी उजवी टेल, लाल ब्रेक, काळी डावी टेल. म्हणजे बसवणाऱ्याला माहिती होती. सॉकेटपासून दिव्यांपर्यंत मात्र त्याने मन लावलं नाही. कारखान्याच्या वायरी मध्येच सोलून, त्यांवर या वायरी पिळून, वर काळी टेप. टेपचा गोंद पातळ होऊन बोटांना चिकटत होता. आतलं तांबं हिरवं पडलंय. लाल वायर सोलत गेले तर सॉकेटपासून वीतभर आतपर्यंत हिरवी भुकटी. पाणी तारेच्या पेडांमधून वर चढत जातं. टोकाशी चांगली दिसते म्हणून वायर ठेवून देऊ नये, ती स्वच्छ तांबं लागेपर्यंत कापावी.

पांढऱ्या वायरीने संशय खरा ठरवला. उजव्या दिव्याची मूळ अर्थ वायर बॉडीवरून सोडवून सॉकेटच्या पांढऱ्या वायरीला जोडली होती आणि दोघींचं टोक चॅनलवर एका स्क्रूखाली. चॅनल आणि बॉडी यांच्यामध्ये गंज. हुकाने हळूहळू दिव्याची परतीची वाटच बंद केली होती. बाबांना ब्रेक दाबून धरायला सांगितला, मल्टीमीटरचं एक टोक दिव्याच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. १.८ व्होल्ट. हे शून्याच्या जवळ असायला हवं.

बॅटरी सोडवली. सॉकेट आणि त्याच्या सगळ्या वायरी मुळापासून काढल्या. कारखान्याच्या वायरी जिथे सोलल्या होत्या तिथे खराब भाग कापून, त्याच जाडीचा तुकडा घालून, क्रिंप करून वर गोंदवाली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). अर्थसाठी नवं थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं), बॉडीवरच्या मूळ जागी. तिथला रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, आवळला, वरून व्हॅसलीन. ग्रीस किंवा व्हॅसलीन आवळल्यानंतर लावायचं, म्हणजे धातू धातूला टेकतो आणि बाहेरून ओल शिरत नाही.

पुन्हा मोजलं. ०.०५. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर आता गप्प.

सगळ्या बोल्टांना भेदक तेल मारून ठेवलं. नेहमीचा डब्ल्यूडी-४० चा साधा स्प्रे गंजात अडकलेल्या बोल्टासाठी नाही, त्यासाठी वेगळं पेनिट्रेटिंग ऑइल येतं. बाबांच्या कारखान्यात निम्मं ॲसिटोन आणि निम्मं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल (एटीएफ) मिसळून वापरायचे. ते मिश्रण चांगलं काम करतं, पण ॲसिटोन रंग खातं आणि झटकन पेटतं. बॉडीच्या जवळ मी ते वापरलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मधल्या दिवसांत रोज संध्याकाळी तेलाचा हात दिला. आज बोल्ट.

गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, मागून उचलून जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हा बाबांचा घरातला कायदा आहे. उचलल्यावर त्यांनी स्वतः गाडी दोन्ही हातांनी हलवून बघितली, मगच मला खाली जाऊ दिलं.

एम १२ च्या डोक्याला १९ चा पाना. बारा कोनांचा नाही, सहा कोनांचा सॉकेट. गंजलेल्या डोक्याच्या कडा आधीच झिजलेल्या असतात, बारा कोनांचा सॉकेट त्या गोल करून टाकतो. सॉकेट बसवायच्या आधी डोक्यावर हातोडीचे चार नेमके ठोके, म्हणजे आट्यांमधला गंज हादरतो.

"आधी आवळ, मग सोड," बाबा म्हणाले. अडकलेला बोल्ट आधी केसभर आवळण्याच्या दिशेने हलवायचा. गंजाची पकड कोणत्याही दिशेने तुटली तरी तुटतेच, आणि आवळताना बोल्ट पिळून तुटायची भीती कमी, कारण आपण केसभरच हलवतो. लांब टॉमीवर (सॉकेट फिरवायच्या दांड्यावर) हळूहळू जोर वाढवत गेले. हिसका नाही. 'टक्' असा कोरडा आवाज आला आणि कानाच्या फटीतून तांबडी भुकटी माझ्या गॉगलवर पडली. मग अर्धा आटा सोडायचा, तेल, पाव आटा परत आवळायचा, पुन्हा अर्धा सोडायचा. असं पुढे-मागे करत तो बाहेर आला. आट्यांच्या तळाशी अजून मूळ पिवळसर मुलामा शाबूत होता. इतक्या वर्षांनी तो रंग बघून फार बरं वाटलं.

डाव्या कानाचे सगळे बोल्ट याच पद्धतीने निघाले. एकाचं डोकं मात्र तुटलं, दांडी नटासकट आतल्या बाजूने ओढून काढता आली. दांड्यातून आरपार असल्याचा हा एक फायदा.

उजव्या कानाचे टाचलेले दोन इथे काढणार नाही. त्यासाठी ग्राइंडर चालवावा लागेल. डिझेलची टाकी पुढेच आहे. डिझेल पेट्रोलसारखं चटकन पेट घेत नाही हे खरं, तरी ठिणग्यांचा फवारा त्या दिशेने नको. शिवाय पार्किंगमध्ये दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या गाड्या. ग्राइंडरची ठिणगी तापलेली असते, ती काचेत आणि रंगात रुतते आणि नंतर तिथे गंजाचे ठिपके येतात. आपली गाडी नीट करताना दुसऱ्याची बिघडवायची नाही.

उजवे बोल्ट तसेच ठेवून डाव्या बाजूला तात्पुरते दोन नवे बोल्ट हाताने घट्ट केले. चॅनल वेल्डिंगवाल्याकडे पोचेपर्यंत टिकलं म्हणजे झालं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तुर्भे एमआयडीसीत सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइड वायू सोडत बारीक तारेने केलेलं) करणारा माणूस मिळाला. त्याआधी दोघांना विचारलं. एकाचं म्हणणं भोकांना रबरी बूच लावा, दुसऱ्याचं रॉडने भरून देतो. दोन्ही नको. बूच पाणी अडवतं, पण दांड्याला बळ देत नाही. रॉडच्या आर्क वेल्डिंगची उष्णता दीड मिलिमीटरच्या पत्र्याला सोसत नाही, भोक बुजण्याऐवजी मोठं होतं. सीओटूची तार बारीक, टिपका-टिपका मारता येतो, मध्ये थांबून पत्रा निवू देता येतो.

शनिवारची वेळ ठरली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी लवकर, पाम बीच रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत निघालो. बाबा बरोबर आलेच.

बॅटरी सोडवली, मागच्या सीटखालून टाकीच्या बाजूला ओलं गोणपाट, हाताशी फायर एक्स्टिंग्विशर. वेल्डिंगचं अर्थ क्लॅम्प जिथे टिपका मारायचा त्याच्या वीतभर अंतरावरच लावायला सांगितलं, म्हणजे करंट गाडीभर फिरत नाही. मिस्त्रींनी काही न बोलता तसंच केलं. काम जाणणारा माणूस आहे.

टाचलेली डोकी ग्राइंडरने उडवली. चॅनल खाली लाकडी ठोकळ्यांवर आलं. दोघांनी उचलून बाजूला ठेवलं तेव्हा दांड्याची खरी दशा समोर आली. कानाखालच्या भागात रंग नाही, प्रायमर नाही. भोकं गोल राहिलीच नव्हती, ट्रॉलीच्या हिसक्यांनी लांबट झाली होती. डाव्या दांड्याची बाहेरची भिंत जवळजवळ ४ मिमी आत. भोकाच्या कडा कागदासारख्या पातळ. पण त्या पट्ट्यापलीकडे पत्रा ठणठणीत. हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकत गेलो, आवाज कुठेही भदाड आला नाही. माझा जीव खरं तर याच ठोक्यात अडकला होता.

खोलगट भागावर वॉशर टाचून, त्यात हुक अडकवून सरकत्या हातोडीने भिंत बाहेर ओढली. एका दमात नाही. थोडं ओढायचं, कडेने ठोकायचं, सूत (ताणलेला दोरा) लावून बघायचं. बाबा प्रत्येक वेळी सूत स्वतः धरत होते. "अजून एक सूतभर," असं ते म्हणायचे आणि मिस्त्री "हो काका" म्हणून पुन्हा ओढायचे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिमीच्या वर. बाबांचा 'सूतभर' त्याहून बराच बारीक होता, आणि मिस्त्रींना तो बरोबर कळत होता.

भिंत सरळ झाल्यावर भोकांच्या पातळ कडा कापून स्वच्छ गोल केल्या. १६ गेजच्या, म्हणजे १.६ मिमीच्या पत्र्याच्या चकत्या त्यात बेतून बसवल्या. भोकामागे तांब्याची चपटी पट्टी धरली. वेल्डिंग तांब्याला चिकटत नाही, वितळलेलं लोखंड आत गळत नाही आणि मागची बाजू सपाट येते. समोरासमोर टिपके, मध्ये हाताला सोसेल एवढं निवू द्यायचं. शेवटी डिस्कने हलकं सपाट केलं, फार घासलं नाही. सुंदर दिसण्यासाठी वेल्डिंग पातळ करायचं नाही.

हुक तिथेच भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला: १४ किलो ६०० ग्रॅम. हे सगळं वजन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

दुपारी, हवा कोरडी असताना. नेरुळला खाडी जवळ आहे, हवेत खारटपणा असतो. पहाटे पत्र्यावर दव धरतं आणि त्या दवातही क्षार. उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही म्हणून काल घरी आल्याबरोबर वेल्डिंगवर प्रायमरचा तात्पुरता हात दिला होता. तो आज काढून नीट केलं.

तारेचा ब्रश, मग ८० चा पॉलिश पेपर. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर. गंज काळा पडतो. सुटा पापुद्रा आधी काढलेलाच हवा, कन्व्हर्टर त्याच्या पोटात शिरत नाही. पुसून, वाळवून, थिनरचं फडकं. मग दोन भागांचं इपॉक्सी प्रायमर, दोन हात. सांध्यांवर पीयू सीलंट.

वरून डांबर लगेच नाही. जुन्या कामात गंजावरच डांबर फासलं होतं. बाहेरून काळं, मजबूत दिसतं, आतली ओल मात्र कोंडून राहते. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने खालून ताजं काळं कोटिंग दिसलं तर खूश होऊ नये, टोचून बघावं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

प्रायमर पूर्ण कडक झालाय. वरून अंडरबॉडी कोटिंगचा पातळ हात.

आता आतली बाजू. वेल्डिंगच्या उष्णतेने दांड्याच्या आतला रंग जळतो आणि तो बाहेरून दिसत नाही. नंतर कुजायला सुरुवात तिथूनच होते. म्हणून कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं मेण: लांब नळी, तिच्या टोकाला चहूबाजूंनी फवारणारं नोझल. नळी दांड्याच्या भोकातून पुढपर्यंत सरकवायची आणि फवारत हळूहळू मागे ओढायची. खालच्या निचऱ्याच्या भोकातून मेण थेंब-थेंब गळायला लागलं की पुरे. डाव्या दांड्याला जरा जास्तच दिलं.

३० नोव्हेंबर, रविवार

निचऱ्याची भोकं तारेने मोकळी केली. मेणाने ती बुजली तर पावसाळ्यात दांडा पाण्याची टाकी होईल.

बंपर. चिरेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडलं, म्हणजे चीर पुढे धावत नाही. आतून गरम स्टेपलच्या पिना रुतवल्या. खाचेच्या मागे जुन्या बंपरचा तुकडा प्लास्टिक वेल्डिंगने बसवला. वरून लांबी (पुट्टी), प्रायमर, चंदेरी रंग. जवळून बघितलं तर ठिगळ ओळखू येतं. मला चालतं. बाबांना चालत नाही, ते पुढच्या वेळी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मारिनाचा बंपर बघणार आहेत.

७ डिसेंबर, रविवार

काल रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून लावली आणि दिवे तपासले. टेल, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर, रिव्हर्स, एकेक आणि एकत्र. भिंतीवरचा उजेड दोन्ही बाजूंना सारखा. आज सकाळी पाइपने खालून पाणी मारलं, तासाभराने निचऱ्याची भोकं पाहिली, पाणी निघून गेलंय. सीलंट कुठे सुटलं नाही.

बेलापूरपर्यंत चक्कर मारली. स्पीड ब्रेकरवर मागून जो बारीक कुरकुर आवाज यायचा तो नाही. तो आम्ही सस्पेन्शनचा समजत होतो, सुटलेल्या कानाचा होता.

मागची नंबर प्लेट, रिफ्लेक्टर जागेवर. पीयूसी आणि विमा चालू. फॉर्म २५ भरून ठेवला, गाडी दाखवायची तारीख यायची आहे. दांड्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो प्रिंट काढून गाडीच्या फाइलमध्ये लावले, पुढे कुणी गाडी घेतली तर त्याला चकत्या कुठे आहेत ते कळावं. डाव्या दांड्यातलं मेण पुढच्या ऑक्टोबरमध्ये, पाऊस उलगडल्यावर, पुन्हा तपासायचं आहे.